चाकण ते रांजणगाव, मधे पृथ्वी

"जाईल का?" आमच्या धंद्यातला हा पहिला प्रश्न, आणि तो बहुधा खरेदी खात्यातले साहेब विचारतात. चाकणला कारखाना, रांजणगावला गोदाम. इकडे वॉकीटॉकीचं बटण दाबलं तर तिकडे आवाज जाईल का? त्यांना हो किंवा नाही एवढंच हवं असतं, कारण कोटेशनच्या रकान्यात तेवढीच जागा असते. माझं उत्तर ऐकून ते हमखास वैतागतात. मी विचारतो, "वर्षातला किती टक्के वेळ जायला हवा?"

मी भोसरीत राहतो आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांना व्हीएचएफचे संच बसवून देतो. मोबाईलच्या जमान्यात हे कशाला, असं नातेवाईक विचारतात. क्रेनखाली उभा असलेला माणूस क्रेनवाल्याला फोन लावून रिंग वाजण्याची वाट बघत बसत नाही, म्हणून. आग लागली, गॅस गळला, गेटवर गर्दी झाली, की एक बटण दाबून पन्नास जणांना एकाच वेळी ऐकू जावं लागतं. हे काम १५० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतं. लहरीची लांबी दोन मीटर, साधारण दाराच्या चौकटीएवढी. पिंपरी-चिंचवडच्या जुन्या लोकांना या लहरी वेगळ्या नावाने माहीत आहेत. १९७३ साली सिंहगडावर दूरदर्शनचं सहक्षेपण केंद्र सुरू झालं आणि निगडी-आकुर्डीच्या गच्च्यांवर अॅल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेने दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले. तेही व्हीएचएफच. पण सिंहगड समुद्रसपाटीपासून १३०० मीटर उंच, म्हणजे आपल्या पठारावरून सातशे मीटर वर. तिथून चाकण ४५ किलोमीटर असलं तरी पृथ्वीच्या गोलाईचा प्रश्नच उद्भवत नाही. आमच्या गिऱ्हाइकाकडे सिंहगड नसतो. त्याच्याकडे १२ मीटर उंच पत्र्याची शेड असते आणि तिच्यावर फार तर १८ मीटरचा मास्ट.

तर चाकण ते रांजणगाव. सरळ रेषेत ४० किलोमीटर. मधे शेलपिंपळगावजवळ भीमा, मग शिक्रापूर. जमीन मोठे डोंगर नसलेली, हलकी चढउताराची. हिशेब शिकवायला यापेक्षा चांगला रस्ता मला माहीत नाही.

पहिला खर्च नुसत्या अंतराचा. लहर पसरत जाते आणि पातळ होते. ४० किलोमीटरला १०८ डेसिबल. ज्यांना डेसिबलची सवय नाही त्यांच्यासाठी: दर १० डेसिबलला शक्ती एक दशांश होते, दर ३ ला निम्मी. १०८ हा आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही, रेडिओत तो रोजचा आहे. अंतराळातल्या दोन यानांमध्येही ४० किलोमीटरला एवढाच खर्च येईल. यात पृथ्वी अजून आलेलीच नाही.

पृथ्वी येते ती मध्यावर. दोन्ही टोकं जमिनीला टेकवून सरळ दोरी ताणली, तर शिक्रापूरच्या अलीकडे पृथ्वीचा फुगवटा तिच्यावर साडेतेवीस मीटर येतो. आमचे अँटेना तीस मीटरवर आहेत, म्हणजे नजरेची रेषा फुगवट्याच्या सहा-साडेसहा मीटर वरून निघून जाते. गिऱ्हाईक इथे खूश होतं. "म्हणजे दिसतंय की!"

दिसतं, पण डोळ्याला. दोन मीटरच्या लहरीला एक रेघ पुरत नाही. तिला मोकळी जागा लागते ती लांबट काकडीच्या आकाराची, दोन्ही टोकांना निमुळती आणि मधे फुगलेली. याला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. ४० किलोमीटरच्या मध्यावर या काकडीची त्रिज्या १४१ मीटर भरते. त्यातले निदान ८५ मीटर मोकळे असावेत असा दंडक आहे. आपल्याकडे आहेत सहा. काकडीचा खालचा अर्धा भाग जवळजवळ सगळा जमिनीत पुरलेला! त्याचा दंड २३ डेसिबल. म्हणजे दृष्टिरेषा मोकळी असूनही शक्तीचा दोनशेवा हिस्साच पुढे जातो. एकूण खर्च १०८ अधिक २३, म्हणजे १३१.

हा २३ चा आकडा येतो कुठून, याची गोष्ट मला फार आवडते. गुळगुळीत गोल पृथ्वीवरून लहर वळून पलीकडे किती जाते, हे गणित कागदावर मांडता येतं, पण त्याची मालिका भयंकर लांबते. आमच्या दोन मीटरच्या लहरीसाठी सुमारे दोन कोटी पदांची बेरीज करावी लागेल. १९१८ साली जी. एन. वॉटसन या इंग्रज गणितज्ञाने ती मालिका अशी फिरवून घेतली की मोजकी पदं पुरावीत. क्षितिजापलीकडे तर एकच पद पुरतं. (हेच वॉटसन पुढे रामानुजनच्या वह्यांतली सूत्रं सिद्ध करण्याच्या कामात बुडाले. लहरींचं काम त्यांनी त्याआधी उरकलं हे आमचं नशीब.) १९३७ मध्ये व्हान डेर पोल आणि ब्रेमर या डच जोडीने तेच काम पुढे नेऊन वापरण्याजोगं केलं, आणि आज आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशींत त्याचं सुटसुटीत रूप मिळतं. साध्या कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांचं काम.

आता जमाखर्च. बेसचा, म्हणजे मास्टला जोडलेला, संच २५ वॅटचा. अँटेन्याने दिलं आणि केबलने खाल्लं (तीस मीटर आरजी-२१३ अडीचेक डेसिबल गिळते, हे कोटेशनमध्ये कोणी लिहीत नाही), तर दोन्हीकडे मिळून ६ डेसिबल पदरात पडतात. शेवटी रांजणगावच्या संचापाशी पोचतात उणे ८१ डीबीएम, म्हणजे एका मिलिवॅटच्या ८१ डेसिबल खाली. एका वॅटचे एक लाख कोटी भाग करा, त्यातले आठ. ऐकायला काहीच नाही, पण संचाला उणे ११९ पुरतात. म्हणजे ३८ डेसिबल शिल्लक. त्यातले पंधरा मी गोंगाटासाठी आधीच बाजूला काढतो, कारण चाकण काय, रांजणगाव काय, दोन्हीकडे वेल्डिंग चालू असतं आणि मोटरींचा वेग फिरवणारे ड्राइव्ह दिवसरात्र कचकच करत असतात. तरी काम भागतं. बेस ते बेस: हो.

पण त्याच गोदामात खाली फिरणाऱ्या सुपरवायझरच्या हातातला पाच वॅटचा संच? त्याचा अँटेना जमिनीपासून दीड मीटरवर. नुसत्या या उंचीमुळे आणखी २६ डेसिबल जातात, वर रबराचा आखूड अँटेना. चाकणला पोचतात उणे १२२, म्हणजे ऐकू येण्याच्या रेषेखाली. हातातला संच थेट चाकणशी बोलणार नाही. तो आपल्या गोदामाच्या मास्टशी बोलेल, मास्ट पुढे बोलेल. हे सांगितलं की मीटिंगमध्ये एकजण तरी म्हणतोच, "मग वॅट वाढवा ना."

वॅट वाढवण्याच्या या हौसेवर मला थोडं रागावूनच लिहायचं आहे. क्षितिजाच्या पलीकडे गेलं की गोल पृथ्वी दर किलोमीटरला जवळपास अर्धा डेसिबल कापते. म्हणजे २० किलोमीटरला १०. शक्ती दहापट केली, २५ चे २५० वॅट केले, परवान्याचे नियम धाब्यावर बसवले, तरी मिळकत वीसेक किलोमीटर! उलट एक मास्ट तीसचा साठ मीटर केला तर सहा डेसिबल मिळतात, चौपट वॅटांइतके, आणि ते ऐकतानाही मिळतात, बोलतानाही. वॅट फक्त बोलतात. अर्थात साठ मीटरला खर्च आहे, तणावे रोवायला जागा हवी, आणि लोहगावचा विमानतळ जवळ असल्याने मास्टच्या उंचीला परवानगी लागते. म्हणून मी तीसवरच थांबतो.

आणखी एक गोष्ट ऐकून लोक चक्रावतात. आडवा आलेला डोंगर पृथ्वीच्या गोलाईपेक्षा परवडतो. वासुली-सावरदरीच्या बाजूला, चाकण एमआयडीसीच्या दुसऱ्या टप्प्यात, भामचंद्राचा डोंगर आहे. तुकोबांच्या एकांतवासामुळे सगळ्यांना माहीत असलेला. समजा अशा डोंगराची धारदार कड दृष्टिरेषेला नेमकी टेकली, तर दंड फक्त सहा डेसिबलचा. गुळगुळीत पृथ्वी तशीच टेकली तर वीसच्या घरात. कारण धारेवर लहर एकदाच दुमडते आणि मोकळी होते. गोलाईवर ती मैलोन्‌मैल जमिनीला घासत जाते आणि वाटभर शक्ती सांडते. डोंगर उंच आणि जवळ असला तर तोही मारतोच. पण "मधे डोंगर आहे, विषय संपला" हे वाक्य मी साइटवर कोणाला बोलू देत नाही.

इथपर्यंतचा हिशेब मी एक गोष्ट गृहीत धरून केला आणि ती सांगितली नाही. साडेतेवीस मीटरचा फुगवटा खऱ्या पृथ्वीचा नाही. खऱ्या पृथ्वीचा ३१ मीटर येतो. हवा वर जाताना विरळ होते, त्यामुळे लहरीचा वरचा भाग किंचित वेगाने धावतो आणि लहर जमिनीकडे झुकते. १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या शेलेंग, बरोज आणि फेरेल यांनी युक्ती काढली: लहर वाकते असं न म्हणता पृथ्वीच मोठी आहे असं माना. ६,३७० किलोमीटर त्रिज्येच्या जागी चार-तृतीयांश पट, सुमारे ८,५०० घ्या आणि लहर सरळ काढा. जगभरचे रेडिओवाले तेव्हापासून या फुगवलेल्या पृथ्वीवर राहतात.

मात्र चार-तृतीयांश ही सरासरी आहे, आणि तीही प्रामुख्याने समशीतोष्ण देशांची. हवा लहरीला किती अडवते ते तापमान, दाब आणि बाष्प यांवर ठरतं. पुण्याच्या जानेवारीतल्या सकाळचे साधारण आकडे सूत्रात घातले तर लहर निर्वातापेक्षा दहा लाखात ३०० भागांनी मंद निघते. आषाढातल्या चिंब दिवसाचे घातले तर ३५० च्या पुढे. महत्त्वाचं असतं ते हा आकडा उंचीबरोबर किती झपाट्याने घसरतो. किलोमीटरला ४० ने घसरला तर आपली नेहमीची चार-तृतीयांश पृथ्वी. १५७ पेक्षा जास्त घसरला तर लहर पृथ्वीपेक्षाही जास्त वाकते, जमिनीलगतच्या थरात कोंडली जाते, आणि वर सांगितलेलं सगळं गणित केराच्या टोपलीत.

हे वर्षातून केव्हा होतं ते आमच्या भागात थंडीत कळतं. माझ्याकडे हौशी रेडिओचा परवानाही आहे, दोन मीटरच्या पट्ट्यावर ऐकत बसतो. डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र असलं की रात्री जमीन झपाट्याने गार होते, लगतची हवा गार आणि वरची कोमट. इंद्रायणी-भीमेच्या खोऱ्यात पहाटे धुकं साचतं. अशा सकाळी एरवी खरखरीत बुडालेली दूरची स्टेशनं शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखी येतात. ऊन तापलं, थर ढवळले गेले, की संपलं. उन्हाळ्याच्या दुपारी तर फुगवटा उलट वाढल्यासारखा वागतो.

या प्रकाराचं जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण मुंबईचं आहे, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळ २०० मेगाहर्ट्झचं, म्हणजे दीड मीटर लहरीचं, रडार बसवलेलं होतं. व्हीएचएफच. अशा रडारने क्षितिजापर्यंत बघावं आणि गप्प बसावं. पण मॉन्सूनच्या आधीच्या उष्म्यात त्याच्या पडद्यावर अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटत. हजार मैलांपलीकडचे! लहर गेली, आपटली आणि परत आली. अरबी समुद्रावर तेव्हा खाली दमट थर आणि त्यावर कोरडी गरम हवा पसरलेली असते, बाष्पातला तो अचानक बदल लहरीला झाकण घालतो आणि खाली बोगदा तयार होतो. युद्धानंतर अमेरिकेत एमआयटीच्या रेडिएशन प्रयोगशाळेने जे ग्रंथ काढले, त्यांतल्या १९५१ च्या लहरप्रसारणाच्या खंडात हा मुंबईचा किस्सा नोंदलेला आहे. घाटावर आपल्याला तो बोगदा सहसा लाभत नाही. सह्याद्री आडवा आहे आणि झाकण बहुधा घाटमाथ्याखालीच राहतं.

आता खरेदी खात्याच्या साहेबांना मी टक्के का विचारतो ते कळेल. ४० किलोमीटरला हवेने वाकवणं बंद केलं, फुगवटा साडेतेवीसचा एकतीस झाला, तर नुकसान दोन डेसिबलचं. ३८ च्या शिलकीत ते कळतही नाही. तोच हिशेब चाकण ते अहिल्यानगर करा. शंभर किलोमीटर. गुळगुळीत पृथ्वी धरली तर अंतराचे ११६ आणि गोलाईचे ४९. पोचतात उणे ११५, म्हणजे ऐकू येण्याच्या रेषेवर चार डेसिबल, आणि ते गोंगाटात केव्हाच गडप. हवा बिघडली तर आणखी आठ जातात. प्रत्यक्षात तर त्या रेषेत पारनेरचं पठार येतं, तेव्हा कागदावरचं "जेमतेम" सुद्धा आशावादी. तरीही थंडीतल्या एखाद्या पहाटे नगर ऐकू येतं. त्या पहाटे कारखान्याचे साहेब माझ्या गच्चीवर असते तर त्यांनी लगेच ऑर्डर दिली असती, आणि मे महिन्यात मला शिव्या घातल्या असत्या.

ही टक्केवारी ज्यांनी गणितात आणली त्यांची नावं अनिता लाँग्ली आणि फिल राइस. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या बोल्डर इथल्या प्रयोगशाळेत त्यांनी १९६८ मध्ये खडबडीत जमिनीवरचा लहरींचा तोटा सांगणारी संगणकी रीत प्रसिद्ध केली. तिला जमिनीचा छेद द्यायचा, अँटेन्यांची उंची द्यायची, आणि किती टक्के वेळ, किती टक्के ठिकाणी, किती खात्रीने, हेही द्यायचं. उत्तर त्या टक्क्यांसकट येतं. कॅनडातले एक हौशी रेडिओवाले रॉजर कूदे यांनी हीच रीत रेडिओ मोबाईल नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये घातली आहे, आणि माझ्यासारख्या कित्येकांचं पोट त्यावर चालतं. त्यात हवामान निवडायचा रकाना आहे: विषुववृत्तीय, वाळवंटी, सागरी वगैरे. महाराष्ट्र अर्थातच नाही. चाकणसाठी मी खंडीय उपोष्ण घेतो. यादीत त्याचं उदाहरण म्हणून सुदान दिलेलं आहे. म्हणजे चाकण-रांजणगावचा हिशेब सुदानच्या हवेत होतो. ओल्या आषाढात तो कितपत खरा मानायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. मी पाच डेसिबल वेगळे ठेवतो.

जमिनीचा छेद येतो तो २००० सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने घेतलेल्या उंचीच्या नकाशावरून. त्या नकाशातलं चाकण कांद्याच्या बाजाराचं चाकण आहे. फोक्सवॅगनचा कारखाना उभा राहिला २००९ मध्ये, आसपासच्या बऱ्याच शेडही नंतरच्या. पण १४१ मीटरच्या काकडीला १२ मीटरच्या शेडचं फारसं काही वाटत नाही, त्यामुळे जुना नकाशा चालून जातो. मोबाईलवाल्यांना चालणार नाही.

चाकणपासून चाळीसेक किलोमीटरवर आणखी एक ठिकाण आहे, ईशान्येला: नारायणगावजवळचं खोडद. तिथे गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. नूतनीकरणानंतर तिचा सर्वांत खालचा पट्टा १२० ते २५० मेगाहर्ट्झ, म्हणजे आमचे सगळे चॅनेल त्यात बसतात. मधे डोंगर नसते आणि जमीन रांजणगावच्या वाटेसारखीच असती, तर आमचे ते बिचारे उणे ८१ डीबीएम तिथेही पोचले असते. एक जान्स्की (रेडिओ खगोलशास्त्रातलं तेजाचं एकक) तेजाच्या आकाशातल्या स्रोताकडून आमच्या एका चॅनेलच्या रुंदीत एका तबकडीला जेवढं मिळतं, त्याच्या कोट्यवधी पट. रेडिओ गोंगाट कमी म्हणूनच ती जागा निवडली गेली, आणि भोवतीचे डोंगर आडोसा देतात. मला तोटा कमी हवा असतो, त्यांना जास्त, सूत्र एकच.

त्यामुळे रांजणगावच्या कामात मी अलीकडे चौफेर फेकणारा अँटेना फक्त आवारातल्या हातसंचांसाठी ठेवतो. दोन मास्टांमधल्या दुव्याला पूर्वेकडे तोंड केलेला यागी, म्हणजे एकाच दिशेला फेकणारा अँटेना, लावतो आणि २५ ऐवजी १० वॅट. यागीने मिळवलेलं कमी वॅटांनी गेलं, रांजणगावला फरक पडत नाही. खोडद त्या यागीच्या तोंडापासून साठेक अंश बाजूला राहतं. बिलात यागीचे पैसे वाढले म्हणून साहेबांनी विचारलं तेव्हा मी दुर्बिणीचं नाव काढलं नाही, केबलच्या तोट्याचा तक्ता दाखवला.